बेल्जियमचं सरकार आणि आमचा मुहूर्त

माणसांना झोपवणं हा माझा धंदा आहे. हॉस्पिटलात मी भूल देतो, आणि घरी गोष्ट सांगायला लागलो की बायकोच्या मते तिथेही परिणाम तोच होतो. ही गोष्ट ऐकताना मात्र आजवर कोणी झोपलेलं नाही. मध्येच उठून गेलेत बरेच. कारण हिच्यात बेल्जियममधल्या फ्रेंच बोलणाऱ्या समाजवाद्यांचा पक्ष येतो, आणि शनिवारी लंडनजवळ पिनरला आमच्या घरी मसालेभात खायला आलेला माणूस तेवढ्या तयारीने आलेला नसतो.

तर, २००७ सालचा वसंत. आमची लेक केंब्रिजला पीएचडी करत होती. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, मी एका मुलाला भेटवायला आणतेय. ही इज फ्रॉम बेल्जियम, पण फ्रेंच बाजूचा." आमच्या लहानपणी 'मुलगा कोकणातला आहे, पण मासे खात नाही' असं ज्या सुरात सांगत, अगदी त्या सुरात. यात काळजी करायची की आनंद मानायचा, हे मला कळेना. मी म्हणालो, "वा."

मुलगा चांगला निघाला. लाजाळू, उंच, आमच्या दाराच्या चौकटीला दरवेळी डोकं आपटून दरवेळी चौकटीला सॉरी म्हणणारा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. घरात तिघंच, मुलगा, वडील आणि पक्ष. वडील जुन्या पोलाद कारखान्याच्या गावात शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि पक्षाच्या तिथल्या शाखेचे अध्यक्ष. त्या गावात बाळ जन्मलं की आधी दाखला मिळतो आणि मग पक्षाच्या स्पॅगेटीच्या जेवणाचं आमंत्रण, असं मुलगा म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

ईस्टरला व्याही आमच्याकडे आले. लाल टाय, हातात चॉकलेटचा भला मोठा डबा. हिने पुरणपोळी केली होती. ती त्यांनी सुरी-काट्याने, नकाशाची घडी उलगडावी तशी जपून खाल्ली. इंग्रजी त्यांचं बेताचं, पण भूगोलाच्या मास्तरासारखं ठाम. बोलणी छान चालली होती, आणि तिथेच मी माती खाल्ली.

आमच्याकडे मुलाकडच्यांचा मान ठेवायचा असतो. आत्यांच्या आणि मावश्यांच्या लग्नात मी तेच पाहत आलो. मुलीचा बाप हात जोडून म्हणतो, तुमच्या सोयीने होऊ द्या. मग मुलाकडचे म्हणतात, छे छे, तुमच्या सोयीने. असं दोन-तीनदा झालं की तारीख ठरते, ती बहुधा मुलीच्या आईच्या मनात पहिल्यापासून असते तीच. मी तीस वर्षं इंग्लंडात राहूनही त्या दिवशी ताठ बसलो आणि म्हणालो, "तुम्ही म्हणाल तो दिवस."

हिने टेबलाखालून पाय मारला. मला वाटलं, पाहुण्यांना आग्रह कर म्हणतेय. मी आणखी एक पोळी वाढली.

व्याह्यांनी थोडा विचार केला. "जूनमध्ये आमच्याकडे निवडणूक आहे. ती झाली, सरकार बसलं, की मी मोकळा."

"अवश्य," मी हात जोडून म्हणालो. "सरकार बसलं की लग्न."

'छे छे, तुमच्या सोयीने' हे उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं. पोलादाच्या गावात ते शिकवत नसावेत. मीही निर्धास्त होतो. मतमोजणी रविवारी, शपथविधी फार तर गुरुवारी, असा माझा हिशेब. बेल्जियमबद्दल मला तेव्हा चॉकलेट आणि ब्रसेल्सचं विमानतळ, एवढीच माहिती होती.

जावयाने नंतर मला सगळं समजावून सांगितलं, ते असं. त्या देशात फ्लेमिश बोलणारे फ्लेमिश पक्षांना मत देतात आणि फ्रेंच बोलणारे फ्रेंच पक्षांना. त्यामुळे प्रत्येक विचाराची दोन दुकानं. समाजवादी दोन, लिबरल दोन, ख्रिश्चन डेमोक्रॅट दोन. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या सगळ्यांना निवडणूक झाली की एका टेबलाशी बसून सरकार बनवावं लागतं. मी विचारलं, "आणि नाहीच बनलं तर?" तो म्हणाला, "मग जुनं सरकारच चालू राहतं. ट्रेन वगैरे वेळेवर असतात."

जूनमध्ये निवडणूक झाली. व्याह्यांचा पक्ष, जो त्यांच्या भागात कोणाच्या आठवणीत कधी दुसरा आला नव्हता, तो दुसरा आला. फ्रेंच लिबरल पहिले. हिने मला फोन करायला लावला. "अशा वेळी काय बोलायचं असतं?" मी विचारलं.

"तुला माहीत असायला हवं. रोज तेच करतोस."

झालं, तोंडात तेच बसलेलं. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकांशी बोलतो त्या आवाजात मी म्हणालो, "फार वाईट झालं. शेवटी फार त्रास तर नाही झाला ना?"

व्याही गंभीरपणे म्हणाले, "नाही. हळूहळूच गेला."

जुलैमध्ये माझे वडील आले. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा. गावच्या डॉक्टरने छाती तपासून सांगितलं होतं, हा एक प्रवास करा, नंतर विमानाचं नाव काढू नका. ते एकाच कामासाठी आले होते, नातीचं लग्न बघायचं. हातातल्या पिशवीत जरीचा फेटा होता. तो त्यांनी बॅगेत टाकला नाही, चुरगळेल म्हणून. हीथ्रोवर ट्रॉली हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, "तारीख काय ठरली?"

"सरकार बसलं की, बाबा."

"कुठलं?"

"बेल्जियमचं."

त्यांनी कार पार्कपर्यंत ट्रॉली स्वतःच ढकलली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हणजे मी लवकर आलो का?"

वडिलांविषयी एक सांगायला हवं. ते एकदा नगरपालिकेवर अपक्ष म्हणून निवडून आले होते, आणि त्यानंतर उभे राहिले तितक्या वेळा पडले. चिन्ह दरवेळी तेच, शिलाई मशीन. प्रचारासाठी आणलेलं खरं मशीन पुढे आईने वापरलं. माझ्या शाळेच्या सगळ्या चड्ड्या त्या पराभवांवर शिवलेल्या आहेत. त्यामुळे आठवड्याभरात माझ्या वडिलांना बेल्जियम माझ्यापेक्षा जास्त कळायला लागला. "आमच्या पालिकेत गटारीवरून अडलं होतं, यांचं भाषेवरून अडलंय," ते म्हणाले. "तिथे नगराध्यक्ष नव्हता तेव्हा गटार तेवढी साफ व्हायची."

लग्नाच्या लाडवांसाठी हिने शेजारच्या हॅरोहून सुकामेवा आणून ठेवला होता. तो वडिलांनी जेवणाच्या टेबलावर मांडला. काजू म्हणजे व्याह्यांचा पक्ष, बेदाणे फ्रेंच लिबरल, बदाम फ्लेमिश ख्रिश्चन. खारका कोण होत्या ते मला आता आठवत नाही, पण त्या कोणाबरोबरच बसायला तयार नव्हत्या. लेक वीकेंडला केंब्रिजहून आली की आजोबा तिच्याकडून बातम्या वाचून घेत आणि वाट्या सरकवत.

"बाबा, ते बेदाणे मला शिऱ्याला लागणारेत," ही म्हणायची.

"थोडे ठेव हं. त्यांच्याशिवाय बहुमत होत नाही."

लेकीचं मराठी आमच्यासारखं नाही, पण आजोबांशी ती मराठीतच बोलायची. "आजोबा, काल टॉक्स पुन्हा कोलॅप्स झाला."

"होणारच. बदामाला सगळं एकट्याला पाहिजे."

सुरुवातीला उशिराचं काही वाटलं नाही, कारण मुहूर्तही नव्हते. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार बर्मिंगहॅमला बँकेत असतात आणि शनिवार-रविवार धर्मात. ते म्हणाले, चातुर्मास आहे, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. म्हणजे वर देव झोपलेले आणि खाली फ्लेमिश रुसलेले. हॅरोतल्या हॉलचा मॅनेजर, एक सज्जन गुजराती गृहस्थ, अधूनमधून फोन करायचा.

"डॉक्टरसाहेब, डेट?"

"सरकार नाही बसलं अजून."

"अरे, इथे तर पंतप्रधानपण बदलला. इलेक्शन पण नाही झाला."

"इथलं नाही हो. बेल्जियमचं."

"हां हां," तो म्हणायचा, जसं आम्ही डॉक्टर 'हां हां' म्हणतो, पेशंट आपला रोग स्वतः इंटरनेटवर शोधून आला की.

तुळशीचं लग्न झालं. देव उठले. बेल्जियम उठेना. थंडी पडली, घरामागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, हीटर लावला आणि वडील तिथे फेटा मांडीवर घेऊन बसायला लागले. एक दिवस मी हॉस्पिटलातून आलो तेव्हा ते त्याच्या जरीवरून हात फिरवत होते. "इथे मुदत वाढवून मिळते का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. व्हिजिटरला सहा महिनेच. जानेवारीत निघायला लागेल."

"परत येता येईल?"

दोघांनाही उत्तर माहीत होतं. मी हीटर थोडा वाढवला.

"मग व्याह्यांना सांग की सरळ. थांबता येणार नाही म्हणून."

"मुलाकडच्यांना असं कसं सांगायचं? मीच शब्द दिलाय."

वडिलांनी फेटा मांडीवरून बाजूला ठेवला. "तू डॉक्टर कसा काय झालास?" ते म्हणाले. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला व्याही पुन्हा आले. तिकडे तेव्हा मुलांचा सण असतो, म्हणून दालचिनीची बिस्किटं घेऊन. मुलं दोघं केंब्रिजहून आली. व्याही आणि माझे वडील पहिल्यांदाच समोरासमोर बसले. भाषेची सोय अशी होती, वडील मराठीत बोलणार, लेक ते इंग्रजीत जावयाला सांगणार, तो ते फ्रेंचमध्ये बापाला. उत्तर त्याच वाटेने परत. त्यामुळे एक नमस्कार पोचायला चहा निवत होता.

वडिलांनी दुभाष्यांची वाट न पाहता वाट्या पुढे केल्या. व्याह्यांनी चष्मा चढवला. काजू, बेदाणे, बदाम, बघता बघता त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बोटाने दोन काजू बदामाकडे सरकवले, मान हलवली, परत मागे घेतले. वडील "हो ना, मीही तेच म्हणतो" म्हणाले. मग व्याह्यांनी लिबरलांच्या वाटीतला एक मोठा बेदाणा उचलला, सगळ्यांना दाखवला आणि सावकाश चावून खाल्ला. जूननंतर ते पहिल्यांदा हसताना दिसले, असं जावई नंतर म्हणाला.

वडिलांनीही एक बेदाणा खाल्ला. मग वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "विचार त्यांना. हे सरकार कधीच नाही बसलं, तर पोरांनी काय करायचं?"

मी "बाबा" म्हणालो. हिने पुन्हा टेबलाखालून पाय मारला. या खेपेला मला अर्थ कळला, आणि मी गप्प बसलो.

प्रश्न टेबलाभोवती फिरून व्याह्यांपाशी पोचला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग मुलाला फ्रेंचमध्ये बरंच काही विचारलं. मुलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"पापा म्हणतात," तो लेकीला इंग्रजीत म्हणाला, आणि ती मराठीत सांगताना अडखळली, "त्यांना वाटला, हा आपला धर्म आहे."

"काय धर्म आहे?" मी विचारलं.

"की सरकार नसेल तर लग्न करत नाही. अशुभ असतो."

आता सगळंच बाहेर आलं. ईस्टरला व्याह्यांनी निवडणुकीचं सहज म्हटलं होतं, जसं आपण म्हणतो की दिवाळी झाली की भेटू. पण मी "सरकार बसलं की लग्न" असं हात जोडून म्हणालो, आणि पुढे दर महिन्याला फोनवर "सरकार बसलं का?" असं काळजीने विचारत राहिलो. त्यांनी ताडलं की हिंदूंमध्ये हा काही पवित्र नियम असणार. लोकांच्या श्रद्धेचा मान राखायचा, हे त्यांना पक्षानेच शिकवलेलं. म्हणून त्यांनी खोलात जाऊन विचारलं नाही. उलट शाखेच्या बैठकीत विषय मांडला. स्पॅगेटीच्या जेवणाला पक्षाचे कोणी मोठे नेते आले होते, त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जरा जमवून घ्या, एका भारतीय मुलीचं लग्न अडलंय. नेत्यांनी डायरी बंद करून फार गंभीरपणे मान हलवली म्हणे. गावात बेकरीवाली रोज विचारायची, त्या मुलीचं काय झालं. लिबरलांच्या शाखेचा अध्यक्ष, ज्याच्याशी व्याही वर्षानुवर्षं बोलले नव्हते, तो रस्ता ओलांडून येऊन म्हणाला होता, आमच्यामुळे उशीर होतोय, वाईट वाटतं.

मी दालचिनीचं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून बुडालं. त्या टेबलावर माझ्या बाजूने असलेलं ते शेवटचं होतं.

"आणि तुम्ही दोघं?" हिने मुलांकडे वळून विचारलं. "तुम्हाला मिळून तरी दोन्ही घरांच्या भाषा येतात ना?"

लेक खाली बघायला लागली. "आई, आम्ही दोघं थीसिस राइट-अप करत होतो. आम्हाला वेळ मिळत होता. आम्हाला वाटला, तुम्ही सगळे एन्जॉय करताय."

"आणि आजोबांचा व्हिसा?"

"तो एक्स्टेंड होतो ना?"

मग मी तिला सांगितलं, व्हिसाचं आणि डॉक्टरचंही. इतके महिने ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. लग्नाच्या घरात असलं बोलायचं नसतं, हाही आमचा एक पवित्र नियम. ती उठली आणि आजोबांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली, शाळेत असताना बसायची तशी. आता तिथे मावत नव्हती. वडिलांनी तिच्या हातावर काजू ठेवला. "खा," ते म्हणाले. "हरलेला पक्ष आहे, पण गोड आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींना फोन. ते बँकेत मीटिंगमध्ये होते, कुजबुजत म्हणाले, "धनुर्मास लागतोय, डॉक्टर. शुद्ध मुहूर्त आता फेब्रुवारीत."

वडिलांनी माझ्या हातून फोन घेतला. "काढीव द्या."

"काढीव मुहूर्त अडचणीसाठी असतात, आजोबा. आपत्काल लागतो."

"बेल्जियममध्ये सरकार नाही, माझ्याकडे व्हिसा नाही, आणि माझा मुलगा हा असा आहे," वडील म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

नाताळच्या आधीचा शुक्रवार मिळाला, सकाळचा. हॉल रिकामाच होता, कारण त्या दिवशी अख्खं इंग्लंड ऑफिसच्या पार्टीत असतं. मॅनेजरने विचारलं, "मग बसला सरकार?" मी म्हणालो, "नाही, बसायच्या आधीच उरकतोय." तो थोडा निराश झाल्यासारखा वाटला. सहा महिन्यांत त्यालाही सवय झाली होती.

तिकडून व्याह्यांची अख्खी शाखा आली, एक बस भरून, फेरीने. लाल मफलर घातलेली, पोलादाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेली दणकट माणसं, कपाळाला कुंकू लावून घ्यायला रांगेत उभी. त्यांना रांगेची सवय होती. लिबरलांचा अध्यक्षही आला होता आणि बसमध्ये त्याला मागे बसवलं होतं. माझ्या वडिलांनी फेटा बांधला. तो इतका जपला होता की त्यावर एक सुरकुती नव्हती. उरलेल्या सगळ्या आमच्या चेहऱ्यावर होत्या.

अंतरपाट धरला. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. व्याही मुलाच्या मागे उभे होते, एका मुठीत अक्षता, आणि त्यांच्या कोटाचा खिसा थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. त्यांनी दुसऱ्या हाताने फोन काढून वाचला. त्याच दिवशी, त्याच सकाळी ब्रसेल्समध्ये सरकार बसलं होतं. पक्कं नाही, हंगामी, वसंतापर्यंतचं. आणि जूनमध्ये हरलेला त्यांचा पक्ष त्यात होता.

व्याही कडेकडेने वडिलांपाशी आले. आता दुभाषे दोघंही अंतरपाटाच्या दोन बाजूंना होते आणि कामात होते. त्यांनी फोन दाखवला. वडिलांना फ्रेंचमधलं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी व्याह्यांच्या छातीवर बोट ठेवलं, मग हात दाराकडून आत वळवला. आत? व्याह्यांनी मान डोलावली. आत. ती एक वेळ सोडली तर वडील आयुष्यभर हरून बाहेरच उभे राहिले होते. हरून आतही जाता येतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, सगळ्यांनी मुलांवर अक्षता टाकल्या. वडिलांनी थोड्या नातीवर टाकल्या, आणि उरलेली मूठ व्याह्यांच्या डोक्यावर.

तोवर बातमी मागच्या रांगांत पोचली होती. लाल मफलरवाले उठून टाळ्या वाजवायला लागले, दोघेतिघे रडलेसुद्धा. आमच्याकडच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "बघा, किती जीव आहे हो पोरावर." त्या अजूनही तसंच समजतात. मी दुरुस्त करायला गेलो नाही.

जानेवारीत वडील परत गेले. नंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आधी बेल्जियम, मग नात, आणि वेळ उरला तर मी. वसंतात तिथे पक्कं सरकार बसलं, तेव्हा व्याह्यांनी मुद्दाम आम्हाला फोन करून कळवलं, आता तुमच्या धर्माप्रमाणेही सगळं रीतसर झालं. त्यांच्या आवाजात मिस्कीलपणा होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी लेकीने बातमी दिली. रविवारी मी तिघांना एकाच फोनवर जोडलं, गावाहून वडील, तिकडून व्याही, पिनरहून आम्ही. वडिलांनी हौसेने विचारलं, "मग बारसं कधी धरायचं, विचार त्यांना."

मी विचारलं. आणि जुनी सवय, तोंडातून निघून गेलं, "तुम्ही म्हणाल तो दिवस."

व्याह्यांकडून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. "जूनमध्ये आमच्याकडे प्रादेशिक निवडणूक आहे," त्यांनी सुरुवात केली.

हिने फोन माझ्या हातून काढून घेतला.